उदगीरचा मे महिना, एअर फ्रायर आणि चोवीस डोनट : एक प्रकरण अभ्यास

उदगीरला दिलेल्या माझ्या भाचीने मुलाच्या सातव्या वाढदिवसासाठी घरीच चोवीस डोनट करायचे ठरवले, आणि ते तळायचे नाहीत, दिवाळीत माहेरहून मिळालेल्या एअर फ्रायरमध्ये करायचे, असेही ठरवले. तळण टाळण्याला कारण होते. तिच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी तळलेले पदार्थ वर्ज्य केले होते आणि घरात तळणीची कढई चढली की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात, हा अनुभव जुना होता. घर माळकरी असल्यामुळे अंडे चालणार नव्हते. वाढदिवस रविवारी होता. त्याआधीच्या रविवारपासून गुरुवारपर्यंत तिने तीन वेळा प्रयत्न केले, तिन्ही फसले, आणि गुरुवारी रात्री तिने मला फोन करून सांगितले की मशीनच खराब आहे, शनिवारी लातूरला जाऊन ते बदलून आणावे लागेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. मशीन खराब आहे, हे मला पटले नाही; परंतु पटले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही, त्यामुळे शुक्रवारी सकाळच्या बसने मी उदगीरला गेले. पुढे जे घडले ते येथे क्रमाने मांडले आहे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीच्या सल्ल्याचाही समावेश आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नावातल्या ‘फ्रायर’ या शब्दाने बराच गोंधळ केला आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये हे उपकरण बाजारात आणले तेव्हापासून ‘तेलाशिवाय तळणे’ असे त्याचे वर्णन होत आले, पण त्यात तळणे घडत नाही. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो, आणि तो गरम हवा जाळीदार टोपलीतल्या पदार्थाभोवती वेगाने फिरवतो. म्हणजे ती एक लहान, जोरकस वाऱ्याची भट्टी आहे. तेल पदार्थाला चहूबाजूंनी चिकटून उष्णता फार लवकर देते, हवा तीच उष्णता सावकाश देते आणि देता देता पदार्थाचा ओलावा उडवून नेते. यीस्टचा डोनट तेलात अर्धा बुडून तरंगतो, म्हणून त्याच्या कमरेभोवती एक फिकट पट्टा राहतो. एअर फ्रायरमधल्या डोनटला तो पट्टा कधीच येत नाही. तो आला नाही म्हणजे काही बिघडले, असे भाचीला वाटत होते. ती एक शंका मी फोनवरच दूर केली होती; बाकीच्या शंकांसाठी जावे लागले.

तिच्याकडचे यंत्र १४०० वॉटचे आणि सुमारे सव्वाचार लिटरचे होते. फुगण्याला जागा सोडून त्यात एका वेळी चारच डोनट बसत. हा चारचा आकडा लक्षात ठेवावा, कारण प्रकरणाचे अर्धे उत्तर त्यात होते आणि ते आम्हा दोघींनाही दिसले नव्हते.

तिचे प्रमाण असे होते : मैदा ३०० ग्रॅम, दूध १८० मिलिलिटर, दही ३० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. एवढ्यात साधारण बारा डोनट होतात, चोवीससाठी सगळे दुप्पट. प्रमाण यीस्ट सोडता चांगले होते. कृती तिने मोबाइलवरच्या एका व्हिडिओवरून घेतली होती, आणि त्यात दूध ‘कोमट’ घ्यावे व पीठ ‘दीड तास उबदार जागी’ ठेवावे असे सांगितलेले होते.

तीन प्रयत्नांची नोंद तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर ठेवली होती, आणि ही वही नसती तर हे प्रकरण सुटले नसते. ‘सकाळी दोन लिटर, संध्याकाळी एक’ अशा रकान्यांच्या मागे पेन्सिलीने वेळा लिहिल्या होत्या : पीठ भिजवले ४.१०, फुगले ५.४०, पहिला घाणा ६.२५. एअर फ्रायरच्या फेरीलाही ती घाणाच म्हणत होती, आणि मलाही दुसरा चांगला शब्द सुचत नाही, तेव्हा येथेही तोच वापरते.

पहिला प्रयत्न रविवारी संध्याकाळी झाला. पीठ दीड तासात परातीबाहेर येण्याइतके फुगले, त्याला ताकासारखा आंबूस वास आला, आणि कापलेले डोनट उचलून टोपलीत ठेवताना हवा गेलेल्या फुग्यासारखे बसले. भाजल्यावर ते पांढरे, सुरकुतलेले आणि चिवट निघाले. सासूबाईंनी एक तुकडा मोडून सांगितले, “हे तर शिळ्या पुरीवानी वातड लागूलालंय.” मला फोन आला तेव्हा मी ‘पांढरे’ एवढाच शब्द पकडला आणि तापमान १८० ऐवजी २०० अंश करून आठ मिनिटे ठेव, असा सल्ला दिला. तो चुकीचा होता. मंगळवारी दुपारी तिने तसे केले, तर वरची कॉइल जवळ असल्याने डोनटचा माथा चौथ्या मिनिटाला तांबूस झाला, वरचे कवच आधीच घट्ट झाल्यामुळे आतले पीठ फुगायला जागा न मिळून बाजूने फाटले, आणि आठ मिनिटांच्या गरम वाऱ्याने उरलेला ओलावाही नेला. त्याच दिवशी रिकामे यंत्र तापवताना तिने आत बटर पेपर अंथरून ठेवला होता. त्यावर वजन नसल्यामुळे पंख्याने तो उचलून कॉइलवर नेला, कडा जळाली आणि घरभर धूर झाला. यंत्र खराब आहे या समजाला खरे बळ मिळाले ते या धुराने.

तिसरा प्रयत्न गुरुवारचा. हा पूर्ण चोवीसचा सराव होता, तापमान पुन्हा १८० अंशांवर आणले होते आणि पीठ दीड तास न ठेवता दुप्पट होताच, म्हणजे पाऊण तासात घेतले होते. पाच वाजता सुरू झालेला पहिला घाणा, वहीतल्या तिच्या शब्दांत, ‘एकदम दुकानातल्यासारखा’ झाला. दुसरा बरा झाला. तिसऱ्यापासून डोनट बसके होत गेले, चौथ्यापासून रंगही फिका पडू लागला, आणि सहावा घाणा रविवारच्या डोनटचा सख्खा भाऊ होता.

वही वाचून मला एवढे कळले की जे यंत्र पाच वाजता चार उत्तम डोनट देते आणि पावणेसहाला देत नाही, ते बदलून आणण्यात अर्थ नाही. त्या पाऊण तासात पीठ तरी बदलत असावे, नाहीतर घर तरी.

आधी यीस्टची परीक्षा केली. उन्हाळ्यात दुकानात महिनोन्महिने तापलेले यीस्ट निर्जीव झालेले असू शकते, म्हणून अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून ते टाकले. सात मिनिटांत वर जाड फेस आला. यीस्ट जिवंतच नव्हे तर उतावळे होते. मग मी सोबत नेलेला स्वयंपाकाचा तापमापक काढला. अंगातला ताप मोजणारा तापमापक या कामाला चालत नाही, कारण त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते आणि थंड दूध तर तो मोजतच नाही. दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरातली हवा ३७ अंश होती. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या मांडणीवरच्या डब्यातला मैदा ३५ अंश होता.

पाव करणारे कारागीर पिठाचे तापमान ठरवण्यासाठी एक सोपे गणित वापरतात, आणि ते मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावे असे मला वाटते. मळलेले पीठ २६ अंशांचे हवे असेल तर २६ ला ३ ने गुणायचे, म्हणजे ७८. त्यातून खोलीचे आणि मैद्याचे तापमान वजा करायचे, आणि उरेल तितक्या अंशांचे दूध किंवा पाणी घ्यायचे. ७८ मधून ३७ आणि ३५ गेले की ६ उरतात. म्हणजे त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात दूध फ्रिजमधून काढून तसेच ओतायला हवे होते. भाचीने व्हिडिओप्रमाणे ते ४० अंशांपर्यंत कोमट केले होते. त्यामुळे तिचे पीठ ३७ अंशांच्या पुढे गेले, दुप्पट प्रमाणाचे यीस्ट त्यात बेभान झाले, आणि त्या उष्णतेत लोणीही पिठात धरून न राहता पाझरून वर आले. हाताला तेलकट लागते म्हणून तिने वरून आणखी मैदा भुरभुरला होता, हेही वहीत होते. वातडपणाचा एक हिस्सा त्या भुरभुरलेल्या मैद्याचा.

सहसा पीठ असे आंबून गेले की डोनट पांढरे निघण्याचे खापर त्याच कारणावर फोडले जाते, कारण यीस्टने साखर खाऊन टाकली की तांबूस रंग यायला काही उरत नाही. परंतु या पिठात मैद्याच्या तेरा टक्क्यांहून अधिक साखर होती, दीड तासात ती सगळी संपणे शक्य नव्हते, आणि सासूबाईंनी बाजूला काढून ठेवलेला रविवारचा एक डोनट मी चाखला तेव्हा तो वातड असला तरी गोडच होता. मग रंगाचे कारण दुसरीकडे शोधावे लागले, आणि ते फ्रिजच्या मागे सापडले.

फ्रिजच्या मागच्या भिंतीवर स्टॅबिलायझर टांगलेला होता आणि त्यावर घरात येणाऱ्या विजेचा दाब लाल आकड्यांत दिसत होता. शुक्रवारी दुपारी तिथे २१४ होते. संध्याकाळी साडेसहाला गल्लीतले कूलर, दिवे आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्यावर मी पुन्हा पाहिले, तर १७८. तापणाऱ्या कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या, म्हणजे दाब गुणिले दाब याच्या, प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १४०० वॉट देणारी कॉइल १७८ व्होल्टला सुमारे ८४० वॉटच देते. म्हणजे संध्याकाळी भाचीच्या हातात तिच्या यंत्राचा जेमतेम साठ टक्के भाग होता. पडद्यावर १८० अंश दिसत राहतात, पण तो आकडा आपण मागितलेल्या तापमानाचा असतो, आतल्या हवेचा असेलच असे नाही. दर घाण्याला टोपली बाहेर काढली की आतली गरम हवा जाते, आणि अशक्त कॉइल ती पाच मिनिटांत भरून काढू शकत नाही.

हे कागदावरचे गणित झाले, म्हणून खात्री करून घेतली. संध्याकाळी साडेसहाला एक पाव मधून कापून त्याचा अर्धा भाग १८० अंशांवर चार मिनिटे ठेवला. तो गरम झाला, पण रंग धरला नाही. उरलेला अर्धा भाग डब्यात बंद करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, आकडा २२६ असताना, तितकाच वेळ ठेवला. तो सोनेरी झाला. एकाच पावाचे ते दोन तुकडे भाचीने ताटलीत शेजारी शेजारी ठेवून सासूबाईंना दाखवले, आणि मशीन बदलण्याचा विषय तिथे संपला.

येथे एक सूचना द्यायला हवी. फ्रिजचा स्टॅबिलायझर एअर फ्रायरला लावू नये, तो एवढ्या भाराचा नसतो. घरातला साधा इन्व्हर्टरही १४०० वॉट ओढू शकत नाही. भाचीच्या यजमानांनी दोन्ही उपाय मोठ्या उत्साहाने सुचवले होते.

आता राहिला बसकेपणा. दूध थंड घेऊन आणि यीस्ट निम्म्यावर आणून पहिला घाणा सुधारला असता, पण सहावा सुधारला नसता, कारण अडचण पिठाइतकीच रांगेची होती. चोवीस डोनट एकदम कापून मांडले की ते सगळे एकाच वेळी तयार होतात. यंत्र मात्र चारच घेते. एका घाण्याला पाच मिनिटे आणि टोपली भरण्या-काढण्याला दीड-दोन मिनिटे धरली तर सहाव्या घाण्याची पाळी पहिल्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक वेळाने येते. तयार डोनटला बोटाने हलके दाबले की खळगा सावकाश, अर्धवट वर येतो, आणि ही अवस्था तीस अंशांच्या पुढे दहा-बारा मिनिटांहून जास्त टिकत नाही. त्यानंतर आतले बुडबुडे एवढे ताणले जातात की उचलण्याच्या धक्क्यानेही फुटतात. तळणीत ही अडचण कमी येते, कारण कढईत एका वेळी सहा-आठ डोनट सुटतात आणि दीड-दोन मिनिटांत बाहेर येतात. म्हणजे कढईसाठी लिहिलेली कृती एअर फ्रायरला लावताना तापमान आणि वेळ बदलून भागत नाही, कापण्याची पद्धतच बदलावी लागते. आपल्याकडच्या एअर फ्रायरच्या कृती सांगणारे यावर बोलत नाहीत, कारण व्हिडिओत बहुधा चारच डोनट दाखवायचे असतात.

मी कागदावर वेळांचे कोष्टक आखत बसले होते. सासूबाई बाजूला ज्वारीच्या भाकरी करत होत्या. त्यांनी थोडा वेळ माझे आखणे पाहिले आणि हातातली भाकर तव्यावर टाकत म्हणाल्या, “भाकरी का समद्या आधीच थापून ठिवतेत व्हय? तवा मोकळा हुईल तशी थापायची.” मी कोष्टक बाजूला ठेवले.

त्यांचे म्हणणे डोनटला लावायचे तर एक फेरफार लागत होता, कारण भाकरी थापल्या थापल्या तव्यावर जाते आणि डोनटला कापल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांचा आराम लागतो. म्हणून असे ठरले की मळलेल्या पिठाचे दोन भाग करून एक बाहेर आणि एक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. बाहेरच्या भागाचे बारा डोनट कापले की पहिले चार ओट्यावर, उरलेले आठ दोन ताटांत झाकून फ्रिजमध्ये. दर सात मिनिटांनी एक ताट बाहेर. थंडीत यीस्टची चाल मंदावते, थांबत नाही, त्यामुळे ताटे चढत्या क्रमाने तयार होत जातात आणि यंत्राच्या वेगाशी जुळतात.

शनिवारी पहाटे निम्म्या प्रमाणाचा सराव केला. त्यात दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक म्हणजे उदगीरच्या कोरड्या हवेत कापलेल्या डोनटवर दहा मिनिटांत कातडे धरते आणि ते मग फुगताना तडकते. ओले करून घट्ट पिळलेले मलमलचे फडके त्यांच्यावर, पण त्यांना न चिकटता, म्हणजे चार वाट्यांच्या आधाराने पसरल्यावर ते थांबले. दुसरी गोष्ट दूध पावडरची. घरात होती म्हणून दोन चमचे घातली, आणि रंग स्पष्टपणे सुधारला. दुधातली साखर यीस्टला पचत नाही, त्यामुळे ती शेवटपर्यंत पिठात राहते आणि भाजताना रंगाच्या कामी येते. अंडे नसलेल्या पिठाला हा आधार फार उपयोगी पडतो.

रविवारी आम्ही पावणेपाचला उठलो. मैद्याचा डबा रात्रभर खिडकीशी ठेवला होता. खोली २९ अंश, मैदा ३० अंश. ७८ वजा ५९ म्हणजे दूध १९ अंशांचे हवे, म्हणून फ्रिजमधले दूध थोडा वेळ ओट्यावर ठेवून त्या आकड्याला आणले. मैदा ६०० ग्रॅम आणि यीस्ट १४ ग्रॅमऐवजी ६ ग्रॅम घेतले. लोणी सोडून सगळे एकत्र करून भाचीने दहा मिनिटे पीठ तिंबले, मग लोणी थोडे थोडे घालत आणखी दहा मिनिटे. लोणी घातल्यावर पीठ सुरुवातीला तुटते, चिकटते आणि आता सगळे वाया गेले असे वाटते. तिथे मैदा न भुरभुरता तिंबत राहायचे असते. लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी ताणला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला, तर तो न फाटता पातळ पडद्यासारखा झाला आणि पलीकडे तिचे बोट दिसले. पिठाचे तापमान २७ भरले. हातांची ऊब आणि मळण्याचे घर्षण यांचा एक अंश गणितात धरलेला नव्हता.

तासाभरात पीठ दुप्पट झाले. लाटणे न दाबता जेमतेम बोटभर जाडीचे लाटून स्टीलच्या पेल्याने डोनट आणि औषधाच्या बाटलीच्या उकळून घेतलेल्या झाकणाने मधले भोक कापले. बटर पेपरचे चौकोन डोनटपेक्षा किंचित मोठे कापून प्रत्येक डोनट स्वतःच्या कागदावरच ठेवला. त्यामुळे उचलताना बोट लागत नाही, आणि वजन असल्यामुळे कागदही उडत नाही. यंत्र तीन मिनिटे रिकामे तापवले, टोपलीला लोण्याचा हात फिरवला, डोनटवर वितळलेले लोणी कुंच्याने पातळ लावले आणि १७५ अंशांवर पाच मिनिटे ठेवले. तिसऱ्या मिनिटाला उलटले. बाहेर येताच पुन्हा लोणी. हे दुसरे लोणी चवीपुरते नाही. वाऱ्याने कोरडे झालेले कवच त्याने मऊ पडते, आणि एअर फ्रायरच्या डोनटमधून ते वगळणे म्हणजे सासूबाईंच्या शिळ्या पुरीकडे परत जाणे होय. चोवीस डोनटना मिळून साधारण पन्नास ग्रॅम लोणी लागले.

पहिले तीन घाणे एकसारखे उतरले. स्टॅबिलायझरवर २२६, नंतर २२१. चौथा घाणा आत गेला आणि दुसऱ्या मिनिटाला वीज गेली.

ती तेवीस मिनिटे गेली. या काळात फ्रिजमधली दोन ताटे तिथेच राहिली, आणि भाचीने फ्रिजचे दार कोणालाही उघडू दिले नाही, पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा. आधीच्या पद्धतीप्रमाणे हे आठ डोनट ओट्यावर असते तर वीज येईपर्यंत बसले असते. वीज आल्यावर पाचवा आणि सहावा घाणा पहिल्या तिघांच्याच तोडीचे झाले. चौथ्याचे मात्र काही करता आले नाही. ते डोनट अर्धवट भाजून तसेच घट्ट झाले होते, पुन्हा चार मिनिटे दिल्यावर आतून शिजले, पण माथ्यावर टणकच राहिले. ते घरच्यांसाठी ठेवले. मधल्या भोकांच्या चोवीस गोळ्या शेवटी एकाच वेळी टोपलीत टाकून साडेतीन मिनिटांत केल्या.

डोनट गार होताच फडके घातलेल्या स्टीलच्या डब्यात बंद केले, कारण तळलेल्या डोनटपेक्षा हे लवकर सुकतात. वरच्या थराविषयी नातवाचा हट्ट चॉकलेटचा होता. कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आतच वितळते, त्यामुळे ३७ अंशांच्या घरात खऱ्या चॉकलेटचा थर मुलांच्या हातावर आणि तिथून सोफ्यावर गेला असता. त्याऐवजी २५० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे कोको आणि सुमारे ५५ मिलिलिटर दूध यांचा दाट लेप केला. दुपारी चारला डोनट १५० अंशांवर मिनिटभर कोमट करून त्यात बुडवले. त्या कोरड्या हवेत लेप दहा मिनिटांत सुकला. मे महिन्याने एवढे एक काम सोपे केले. बोलावलेल्या चोवीसपैकी मुले एकोणीस आली, त्यामुळे वीस चांगले डोनट पुरले.

चवीबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे तर हा डोनट तळलेल्या डोनटसारखा लागत नाही. तो गोड, लोण्याच्या मऊ पावासारखा लागतो, आणि तळणीतून येणारे पातळ, कुरकुरीत कवच व तेलाचा खमंगपणा त्याला नाही. तेल कमी लागते हे खरे, पण मैदा, साखर आणि लोणी जिथल्या तिथे आहेत, तेव्हा त्याला पथ्याचा पदार्थ म्हणणे मला मान्य नाही. सासऱ्यांनी टणक चारांपैकी एक चहात बुडवून खाल्ला, बरा आहे म्हणाले, आणि बालुशाही या मशीनमध्ये होते का असे विचारले. होत नाही. बालुशाहीचे पापुद्रे मंद तुपात सावकाश उमलतात, आणि गरम वारा ते काम करू शकत नाही.

निघताना भाचीने वहीत शेवटची नोंद केली. तिने ७८ चे गणित लिहिले, त्याखाली मे महिन्याची दुपार आणि पहाट असे दोन आकडे मांडले, आणि मग विचारले, “मावशी, डिसेंबरात काय धरू?” हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात सकाळी २० अंश असतील आणि मैदाही तितकाच असेल, असे धरून तिने वजाबाकी केली. उत्तर ३८ आले. म्हणजे कोमट दूध.